जागेचा भात

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी आले ती निव्वळ टाइमपास म्हणून. पांढरी साडी, उलटे पाय, कुणाच्या तरी काकांना पिंपळाखाली कोण दिसलं... वाचायचं, हसायचं आणि भाजी चिरायला बसायचं. एकदा तर मी खाली कमेंट टाकली होती, "काकांना आधी डोळे तपासायला पाठवा." त्यावरून ॲडमिननं मला झापलंही होतं. आज मीच इथे लिहायला बसलेय, तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या. माझ्या गोष्टीत भूत नाही. कुणी मेलेलं नाही. फक्त भात आहे. आणि तो आठवला की अजूनही मळमळतं, असं लिहिणार होते... पण आता मळमळत नाही. तोच तर घोळ आहे.

मी मूळची आसगावची, पवनी तालुक्यातली. लग्न होऊन पवनीत आले. आमचे हे, म्हणजे प्रकाश, तांदळाचे व्यापारी. दाणा तोंडात टाकून दातानं फोडतात आणि सांगतात — नवा की जुना, कोणत्या जातीचा, कुठं ओल लागली. मुलगा बाहेरगावी नोकरीला. आणि आसगावला माझी माय, एकटी. बाबा गेले, भाऊ नाही, मी एकुलती एक. थोडंसं धानाचं शेत आहे, ते ती अजून स्वतः उभी राहून करून घेते. मागच्या वर्षी अंगणात घसरून पडली. शेजारीण विरजण मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर तशीच पडून राहिली असती. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट... मायला आपल्याजवळ आणायचं. पण पवनीचं आमचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की माझेच गुडघे बोंबलतात. म्हणून तळमजल्याचं, स्वतःचं घर हवं होतं. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तर भंडाऱ्याजवळ हायवेला लागून एक मॉल झालाय. नाव देत नाही, उगाच कोर्टकचेरी नको. जगात लोक आधी पाणी बघतात, शाळा बघतात, मग वस्ती करतात. इथे आधी सरकता जिना आला, मग माणसं. मॉलच्या तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा आणि ओळीनं घरं, प्रत्येक विंगला परदेशातल्या शहराचं नाव. गेटवर प्लास्टिकची ताडाची झाडं. अहो, ज्या जिल्ह्यात मोह, पळस, आंबा नुसता थुंकला तरी उगवतो, तिथे प्लास्टिकचं झाड! आणि त्याला पाणी मारायला माणूस ठेवलेला, धूळ बसते म्हणून. मला पहिल्याच दिवशी शिसारी आली होती.

आम्हाला घर दाखवणारा माणूस चाळिशीचा, भर उन्हात टाय घालून, गालात खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी. मी त्याला टायवालाच म्हणते. "मॅडम, मॉल व्ह्यू फ्लॅट हाय. लोकेशन तो देखो." मॉल व्ह्यू म्हणजे काय, तर मॉलचं बूड. एसीचे पंखे, कचऱ्याचे डबे आणि फूड कोर्टातून टाकलेलं काहीबाही. पण फ्लॅट तळमजल्यावर होता. पायरी एकच. बाथरूममध्ये धरायला दांडा लावता येईल अशी भिंत होती. मागे एवढंसं अंगण, तिथे मायची तुळस बसली असती. हॉस्पिटल जवळ. मी नाक मुरडत मुरडत हो म्हटलं. यांना तर मॉल बघूनच घर आवडलं होतं.

आता मायची गोष्ट. आमच्या घराण्यातल्या बायकांची एक रीत आहे. जागा घ्यायची असली... शेत असो, खळं असो, घर असो... तर घरचा मूठभर तांदूळ न्यायचा, त्या जागेच्या पाण्यात, त्याच जागेवर शिजवायचा. घरातल्या बाईनं तो जिभेवर ठेवायचा, थुंकायचा, आणि मग जागा कशी ते सांगायचं. याला म्हणतात जागेचा भात. गिळायचा मात्र नाही. गिळला की जागा आपली झाली, मग बरं-वाईट कळत नाही म्हणे. मी हे लहानपणापासून ऐकत आले आणि लहानपणापासून त्यावर हसत आले.

फ्लॅट बघायला माय आली तीच छोटी शेगडी आणि गंज पिशवीत घालून. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.

"माय, इथं कायले हा तमाशा? लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. मी का नागडी नाचून राहिली? भातच रांधून राहिली."

टायवाला दारात उभा राहून हसत होता. हे लाजेनं लाल. भात शिजत आला तोवर सगळं ठीक होतं. मायनं झाकण काढलं आणि तो वास आला. कसा सांगू? पावसात भिजून सडलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, असते ना, तो. आणि त्याच्यावर मॉलच्या दारात शिरताना एक गोडगोड थंड अत्तराचा भपका येतो, तो. दोन्ही एकत्र. मायनं चार शितं जिभेवर ठेवली आणि दुसऱ्या क्षणाला त्या चकचकीत सिंकमध्ये थुंकली.

"चाखून पाय."

मी चाखलं. शीऽऽ! ते लिहायलाही नको वाटतं. भात मऊ होता, कोमट होता, बुळबुळीत होता... कुणीतरी आधीच चावून, चघळून, परत ताटात काढून ठेवलेला भात. मला दुसरं काही सुचत नाही. मी सिंकशी धावले, चूळ भरली, पुन्हा भरली, जीभ पदरानं पुसली.

"हे घर नोको," माय म्हणाली.

झालं. जावईबापूंचा पारा चढला. टायवाल्यासमोर सासूनं नाक कापलं ना! "काहून? काय झालं भाताले? उगीच नाटकं." आणि त्यांनी गंजात हात घालून घास घेतला. मी त्यांचा चेहरा बघत होते. वास त्यांनाही आला होता. ओठ वाकडे झाले, डोळ्यांत पाणी आलं. तांदूळ ओळखणारा माणूस तो, कळणार नाही का त्याला?

"गिळू नोका, जवाई!" माय ओरडली. "थुका! थुका म्हणते ना!"

पुरुषाचा हट्ट. गिळला. नरड्यातून तो घास खाली जाताना दिसला मला. मग अजून एक घेतला, मुद्दाम, मायच्या डोळ्यांत बघत. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"मस्त हाय की," ते म्हणाले. आणि हे चिडून नव्हतं. त्यांना खरंच आवडला होता.

"जरा मले बी द्या न," टायवाला पुढे आला. त्यानं उभ्याउभ्या गंज पुसून खाल्ला, बोटं चाटली. "मी बी इथंच राहतो ना मॅडम, मागच्या विंगमध्ये. घरच्यासारखा लागला."

परत येताना गाडीत माय मागे बसून नाकाला पदर लावून होती. हे गाडी चालवता चालवता मला हळूच विचारतात, "गंजात उरला नाही का वो थोडासा?" मला उलटी यायची राहिली.

तुम्ही म्हणाल, मग घेतलं कशाला? मीही रोज तेच विचारते. भांडले, अबोला धरला. पण यांनी इसार देऊन टाकला होता. आणि मी स्वतःची समजूत काढली... नवीन पाइपलाइन आहे, टाकीत काहीतरी असेल, साफ केलं की जाईल. भाताचाच प्रश्न आहे ना? आपण पोळ्या खाऊ. मायपुरता भात बाहेरून आणू. ती पुन्हा अंगणात पडली आणि कुणालाच कळलं नाही तर? त्या विचारापुढे भाताचं काय एवढं? मी माझ्या डोळ्यांसमोर मायला ठेवलं आणि हो म्हटलं.

माय मात्र म्हणाली, "मी येत नाही. भाताबगर का जेवण राहते का वो?"

राहायला गेल्यावर मी सगळं करून पाहिलं, बरं का. मी काही अंगारेधुपारे करणारी नव्हे. पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. कॅनचं पाणी विकत आणून त्यात भात केला, तोच वास. कुकरमध्ये केला, उघड्यावर केला, शेगडी बदलली, तांदूळ बदलला. तोच वास, तीच चघळलेली चव. मग त्याच नळाचं पाणी बाटलीत भरून पवनीला मैत्रिणीकडे नेलं, त्याच पोत्यातला तांदूळ नेला, आणि तिच्या ओट्यावर शिजवला, तर मोकळा, पांढराशुभ्र, सुगंधी भात! तिनं वाढून घेतला आणि विचारलं, "तुले झालं काय?" मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. घरी पोळी चांगली व्हायची, भाजी चांगली व्हायची, चहा चांगला. फक्त भात.

आणि हो, जमीन. ती चौकशीही केली मी, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच येणार. स्मशान नव्हतं. तलाव बुजवलेला नव्हता. कुणाचा खून नाही, विहिरीत उडी नाही. नुसती पडीत जमीन होती, गुरं चरायची. ज्यांना स्मशान पाहिजे असेल त्यांनी माफ करा.

बाकी लोकांना काहीच नाही! शेजारच्यांची वास्तुशांत झाली तेव्हा क्लबहाऊसमध्ये पंगत बसली. मोठमोठ्या गंजांमध्ये मसालेभात. झाकणं निघाली आणि मी रुमाल शोधायला लागले. अख्खा हॉल तो वास घेऊन बसलेला, आणि माणसं ओरपून ओरपून खाताहेत. बाया बोटं चाटताहेत, लेकरांच्या हनुवटीवरून ओघळतंय, "वाढा न भाऊ, वाढा" चाललंय. मी तोंडाशी रुमाल धरून बसले होते. शेजारीण म्हणाली, "काहून ताई, तब्येत बरी नाही का? थोडा घ्या न, बहुत छान झाला." तिच्या तोंडाचाही तोच वास. मी पान तसंच ठेवून उठले आणि घरी येऊन कोरडी पोळी खाल्ली.

यांचं तर विचारूच नका. पवनीच्या दुकानात दुपारी डबा असायचा, तो बंद केला. जेवायला रोज घरी, एवढ्या लांबून. आल्या आल्या गंजाचं झाकण काढून वास घ्यायचे, डोळे मिटून. आणि दुकानात चांगला माल आला तर नाकाशी धरून तोंड वाकडं करायचे. मला त्यांच्या शेजारी झोपवेना. त्यांच्या श्वासाचीच किळस यायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी असं म्हटलं नव्हतं.

असे महिने गेले. मी पोळीवर होते. आमच्या जिल्ह्यातल्या बाईला भाताशिवाय ठेवणं म्हणजे काय, ते इथल्या लोकांनाच कळेल. पण मी हटले नाही. आणि मग धान निघालं.

माय दरवर्षी बांधाजवळच्या तुकड्यात चिन्नोर लावते. आमचा जुना सुवासिक तांदूळ. कापणी झाली की आमच्यात नवं खातात. नव्या तांदळाचा भात आपल्याच चुलीवर शिजवायचा, देवाला दाखवायचा, आणि पहिला घास लेकीनं घ्यायचा. मग बाकीच्यांनी. एरवी मी आसगावला जायची. यंदा मला ताप होता, म्हणून मायनं एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी दिली. जेवायच्या वेळी फोन आला. मी स्पीकरवर ठेवला.

"शिजवला का?"

"हाव."

"आपल्याच चुलीवर ना वो?"

"हाव माय."

"मंग घास घे. मी ताट वाढून बसली हाव. तू घेतल्याबगर मी तोंडाले लावत नाही."

गंजातून तोच वास येत होता. चिन्नोर होता तो, माझ्या मायचा, तिनं गुडघे धरत धरत रोवलेला, आणि त्यालासुद्धा तोच वास. माझं डोकं फिरलं. थुंकणार कशी? नवा भात कुणी थुंकतं का? टाकणार कशी? तिकडे सत्तरी ओलांडलेली बाई सकाळपासून उपाशी बसलेली. खोटं बोलता आलं असतं, हो. पण नव्या घासाला खोटं बोलायची आमच्यात जीभ रेटत नाही. मी नाक दाबलं आणि गिळला.

घशाशी आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो परत वर येऊ नये म्हणून पाठोपाठ दुसरा घेतला. मग अजून एक. आणि मग... मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की ताट रिकामं होतं आणि मी गंजाच्या तळाला बोट फिरवत होते.

"खाल्ला का?" फोनमधून.

"हाव. माय, काय मस्त झाला वो!"

तिकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "तिथंच रांधला?"

"तूच तं म्हणाली, आपल्या चुलीवर."

"अरे माह्या देवा," माय म्हणाली. "मीच बह्याड, मीच येडी. मीच पाठवला."

चार-दोन दिवसांत ती न सांगता आली. हातात कपड्यांची पिशवी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिची खोली तयारच होती. ठेंगणी खाट, बाथरूममध्ये दांडा, अंगणात तुळशीची कुंडी. ती दारात थांबली, पदर नाकाला लावला, आणि तरी आत आली. खाटेवर बसली. मला जवळ घेतलं, आणि लगेच तोंड फिरवलं. मला वाटलं, प्रवासानं दमली असेल. मी स्वयंपाक केला. वरण, वांग्याची भाजी, गरमगरम भात. ताट तिच्यासमोर ठेवलं.

"मले फक्त पोळी दे, बाई."

"थोडासा तं घे."

"नोको."

"एक घास माय. एकच." मी कालवून घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. ती मागे सरकली. मी तिचं मनगट धरलं. "गिळून टाक. पहिल्यांदाच तसं लागते. एकदा गिळला की काही वाटत नाही."

माय माझ्याकडे बघत राहिली. भीती होती तिच्या डोळ्यांत. माझ्या मायला माझी भीती वाटत होती हो! "हे तू बोलून राहिली का?" तिनं विचारलं. मी हात सोडला. माझी बोटं उमटली होती तिच्या मनगटावर. ती उठली, न उघडलेली पिशवी उचलली आणि एकटीच स्टॉपवर गेली. मी मागे धावले, रडले, माफी मागितली. ती बसमध्ये चढेपर्यंत पदर नाकावरच होता.

हे असं का झालं, मला माहीत नाही. डॉक्टर झाले, पाण्याचा रिपोर्ट झाला, एका ओळखीच्या मानसोपचारवाल्या मॅडमनं "सवय" हा शब्द सांगितला. असेलही. पण सवयीनं एका ताटात कुणी बदलतं का? ज्याला स्पष्टीकरण सुचेल त्यानं खाली लिहा, मी यावेळी हसणार नाही. मला आता कशाचीच किळस येत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. एवढं शेवटचं सांगते आणि थांबते.

परवा मी आसगावला गेले होते. ठरवूनच गेले, की आपणच इथे मायजवळ राहायचं, हे मॉलच्या बुडाशी बसू देत. माय खूश झाली. चुलीवर चिन्नोर टाकला. मी अंगणात बसले होते. तिनं झाकण काढलं आणि आतून तो वास आला... सडक्या तणशीचा. मला वाटलं भास आहे. तिनं ताट वाढलं, वर तूप सोडलं, समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. भात मोकळा, पांढरा, सुंदर. मी घास घेतला.

चघळलेला. कुणीतरी आधीच चघळलेला.

मी अंगणात धावले आणि तुळशीच्या पलीकडे थुंकले. मायचा भात थुंकले मी. माय हळूहळू भिंत धरत बाहेर आली. तांब्या आणून माझ्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं, पण श्वास धरून.

"घरी गंजात असंन ना काही?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

"मंग जाय, बाई. भुकी नोको राहू."

ती भिंतीला टेकून उभी होती, एका हातानं कंबर धरून. अंगण ओलं होतं, ती घसरेल की काय असं माझ्या मनात आलं. पण मला फार भूक लागली होती. मी बस पकडली.